ह्यांच्या छातीची सीडी

घोडबंदर रोडच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली तेव्हा आम्ही तिघं समोर बसलो होतो. हे मधल्या खुर्चीत, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मुलगी. ड्राइव्ह घरघरला, थांबला, परत घरघरला. हे मान जराशी कलती करून तो आवाज ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं, डॉक्टर काय सांगणार ते ह्यांना आधीच समजलंय.

"रिकामी आहे ही," डॉक्टर म्हणाले.

"रिकामी नाहीये," हे म्हणाले. "ड्राइव्ह उचलत नाहीये."

डॉक्टर वयाने आमच्या मुलीपेक्षा फार मोठे नव्हते, पण माणूस चांगला. चिडले नाहीत. शेजारच्या खोलीत स्वतः जाऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून आले. तिथेही तेच.

"काका, रिपोर्टमध्ये तीन ब्लॉकेज लिहिलेत. बायपास लागणार हे मलाही दिसतंय. पण नुसता कागद वाचून मी छाती उघडत नाही. कुठे जोड द्यायचा ते फिल्ममध्ये बघावं लागतं. जिथे अँजिओग्राफी केली तिथून परत कॉपी करून आणा. आणि उशीर नका करू."

हे मान डोलवून उठले. बाहेर बसस्टॉपवर उभं असताना त्यांनी पाकिटातून सीडी काढली, उन्हात धरली, उलटीसुलटी केली आणि मला म्हणाले, "हे बघ. आतल्या बाजूला रंग गडद आहे ना? तिथपर्यंत लिहिलेलं आहे. आहे आत सगळं."

मला काही दिसलं नाही. इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले आणि त्यात ह्यांचा अंगठा.

ठाकुर्लीला पूर्वेला ह्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ, टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, आणि मग जेव्हा घरोघरी सीडी आली तेव्हा नुसते प्लेअरच प्लेअर. लग्नाची सीडी, बारशाची सीडी, जयंतीच्या मिरवणुकीची सीडी. गल्लीतल्या कुणीतरी कॉम्प्युटरवर बनवून दिलेली असायची आणि घरच्या प्लेअरवर चालायची नाही. लोक रागाने प्लेअर घेऊन यायचे. हे त्यांना बसवून सांगायचे की दोष प्लेअरचा नाही, सीडी घाईत लिहिली आहे. किंवा लिहून झाल्यावर बंदच केलेली नाही. किंवा वर चिकटवलेल्या फोटोच्या कागदामुळे ती फिरताना डुगडुगते. कुणाची सीडी आतून बाहेर असा सरळ हात फिरवून पुसून द्यायचे, कुणाच्या प्लेअरची लेन्स स्पिरिट लावलेल्या काडीने साफ करायचे. चाललं की त्या घरातली सगळी माणसं दुकानातच उभी राहून आपलं लग्न बघायची.

ते दिवस गेले. सगळं मोबाइलमध्ये आलं. हे दुकानाचा गाळा सोडून सामान घरी घेऊन आले आणि ठाण्याला एका कॉम्प्लेक्समध्ये मेंटेनन्सला लागले. इंटरकॉम, जिन्यातले दिवे, पाण्याच्या पंपाची बटणं. मी अंगणवाडीत होते, अजूनही आहे. आमच्या दोन खोल्यांतली आतली अर्धी खोली प्लेअरनी भरलेली. मी कितीदा म्हटलं, भंगारात द्या. हे म्हणायचे, "पार्ट लागतात."

छातीत दुखलं ते कामावरच, जिना चढताना. तिथल्या लोकांनी घरी फोन केला आणि आम्ही कल्याणच्या एका हॉस्पिटलात नेलं, कारण तिथे ओळखीची नर्स होती. त्यांनी मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी केली, रिपोर्ट दिला, कागदी पाकिटात सीडी दिली आणि बायपास करून घ्या म्हणून सांगितलं. मुलीच्या ऑफिसातल्या कुणीतरी ठाण्याच्या ह्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. त्या सगळ्यात काही दिवस गेले. माणूस घरी चालता-फिरता असला की दिवस असे जातात.

सीडी रिकामी निघाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं कल्याणला गेलो. तिथला टेक्निशियन बाहेर आला. त्याने सीडी त्याच्या मशीनमध्ये घातली. तीच घरघर.

"काका, तुमची जुन्या सिस्टीमवर झालेली. ती बदलली आता. जुन्याचा रायटर गेलेला होता, खूप लोक परत आले सीडी घेऊन."

"जुना रायटर कुठाय?" ह्यांनी विचारलं.

"कंपनीवाले घेऊन गेले."

"आणि त्याच्यातला डेटा?"

"नवीन टाकताना उडाला. तसाही जास्त दिवस ठेवत नाहीत." मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, आमच्या सरांना भेटा. ते परत करून देतील टेस्ट. त्याचं काही घेणार नाहीत."

हे तिथल्या बाकावर बसले. मला वाटलं दुखतंय की काय. म्हणून पाठीला हात लावला, तर पाठ घामाने भिजलेली. "चल," ते म्हणाले. "ही वाचता येईल. वाचवतो मी."

त्या दिवसापासून घरात एकच काम सुरू झालं.

आधी त्यांनी सीडी साबणाच्या पाण्याने धुतली आणि चष्म्याच्या मऊ फडक्याने पुसली. मग आतल्या खोलीतून एकेक ड्राइव्ह बाहेर आला. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला एक लावायचा, सीडी घालायची, कान लावून ऐकायचं, काढायचं, दुसरा लावायचा. प्रत्येक लेन्सची नजर वेगळी असते, असं ते मला सांगायचे. ज्याने लिहिली तो रायटर आधीच बिघडलेला होता, त्याने आपल्या वाकड्या रेषेत लिहिलं असणार. आता तेवढीच वाकडी लेन्स शोधायची. शिवाय लिहून झाल्यावर शेवट केलेला नाही, म्हणून मशीनला वाटतं की लिहायचं चालूच आहे, आत काहीच नाही.

कामावर ते जात नव्हतेच. मी अंगणवाडीतून दुपारी यायची तेव्हा हे लादीवर बसलेले असायचे, भोवती उघडे ड्राइव्ह, गोळ्या ताटलीत तशाच.

"अहो, गोळी?"

"घेतो."

"आणि जेवण?"

"हे बघ, ह्याने नाव तरी दाखवलं सीडीचं. आधीच्याने तेवढंही दाखवलं नव्हतं."

एका ड्राइव्हच्या लेन्सपाशी बारीकसा स्क्रू असतो. तो फिरवला की किरणाचा जोर वाढतो. हे तो स्क्रू फिरवत होते. मी विचारलं, "हे दुकानात का नव्हता करत?" तर म्हणाले, "गिऱ्हाईकाचा करायचा नसतो. जोर वाढवला की थोडे दिवस वाचतं, मग लेन्स कायमची जाते." त्या ड्राइव्हने सीडीवरच्या फाइलींची यादी दाखवली, आणि मग लेन्स खरोखरच गेली. हे बराच वेळ तो ड्राइव्ह मांडीवर घेऊन बसले होते.

मुलगी रविवारी आली. ती लग्न होऊन ठाण्यालाच असते. ठाण्याच्या डॉक्टरांशी ती फोनवर बोलली होती. त्यांनी सांगितलं होतं की सीडी सोडून द्या, आम्ही इथे परत अँजिओग्राफी करू, छोटी टेस्ट आहे. दारातून आत येऊन तिने लादीवरचा पसारा बघितला आणि चप्पल काढायच्या आधीच बोलली.

"पप्पा, उद्या ॲडमिट व्हायचं. मी रजा टाकलीय."

"दोन दिवस थांब. दिवा स्टेशनजवळ माझा मित्र आहे, त्याच्याकडे जुने रायटर आहेत."

"कशाला पण? परत टेस्ट करायला काय जातंय तुमचं?"

"उगाच परत कशाला करायची? झालेली आहे ना एकदा. आहे ती इथे."

"तुम्ही घाबरलाय, पप्पा."

ह्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. "हो, घाबरलोय," म्हणाले. आणि मग जे त्यांनी मला इतके दिवस सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

कल्याणला टेस्टच्या आधी ह्यांना जिथे झोपवलं होतं तिथे शेजारच्या स्ट्रेचरवर एक माणूस होता. डोंबिवलीच्या मोठागावचा, खाडीत मासेमारी करणारा कोळी. दोघांचं बोलणं झालं. खाडीच्या पाण्याला आता कसा वास येतो, जाळ्यात कशा प्लास्टिकच्या पिशव्याच येतात, असं काहीबाही. तो म्हणाला, मी आधी जाऊन येतो, मग तुम्हाला सांगतो कसं असतं ते. त्याला आत नेलं. मग आतून पळापळ ऐकू आली, कुणीतरी जोरात आकडे मोजत होतं. नंतर त्याच दारातून ह्यांना आत नेलं. टेबल पुसत होते.

"मी त्या टेबलावर झोपलो," हे म्हणाले. "टेबल ओलं होतं."

मुलगी त्यांच्याजवळ खाली बसली. स्क्रूड्रायव्हर उचलून तिने बाजूला ठेवला. मग म्हणाली, "बरं. दिव्याला जाऊन या. पण मग सीडी वाचो न वाचो, ॲडमिट व्हायचं. कबूल?"

"कबूल."

दिव्याला मीही बरोबर गेले. एकटं सोडायची हिंमत नव्हती. ह्यांच्या मित्राची पूर्वी सीडी भाड्याने द्यायची लायब्ररी होती. आता तो एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. जिन्यात प्रत्येक वळणावर पाण्याचे निळे ड्रम. हे प्रत्येक मजल्यावर ड्रमला टेकून थांबत होते आणि मी दुसरीकडे बघत होते, कारण मी बघितलेलं त्यांना आवडत नव्हतं.

"जयभीम, या या," मित्र दारात उभा होता. ह्यांची तब्येत बघून त्याचा चेहरा पडला, पण त्याने काही विचारलं नाही. पोटमाळ्यावरून खोकी खाली काढून ठेवलेलीच होती. दोघं लादीवर बसले. दोन म्हातारे होत आलेले पुरुष, पाय पसरून, मधे तारांचं जाळं. कितीतरी दिवसांनी ह्यांचा आवाज मोकळा येत होता. "अरे हा नको रे, हा फार घाई करतो. तो दे, तो काळा." हसलेसुद्धा एकदा. मित्राच्या बायकोने मला आत चहा दिला आणि हळूच विचारलं, "भाऊजींचं ऑपरेशन कधी?" मी म्हटलं, "बघू."

संध्याकाळ व्हायच्या आत त्या काळ्या ड्राइव्हने सीडी उचलली. मित्राने कुठलंतरी सॉफ्टवेअर लावलं होतं, अर्धवट सोडलेली सीडी वाचणारं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत गेली. मधेच अडायची, आम्ही चौघं श्वास धरून बसायचो, परत सरकायची. मग ती एका ठिकाणी थांबली ती थांबलीच.

"जेवढं आलं तेवढं लावून बघू," मित्र म्हणाला.

करड्या पडद्यावर बरगड्यांच्या सावल्या आल्या. त्यांच्यामधून एक बारीक तार वर येत होती. मग तारेच्या टोकातून काळं काहीतरी सुटलं आणि एका वाकड्या फांदीसारखं पसरलं, आणि ती सबंध फांदी हलत होती. एकसारखी हलत होती. हे ह्यांचं हृदय आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी पदराने तोंड दाबून धरलं. फांदी मधे एका जागी अगदी दोऱ्यासारखी झाली होती. ते मलाही दिसलं.

मग चित्र थिजलं. पडदा निळा झाला.

ह्यांनी रिपोर्टचा कागद गुडघ्यावर उघडला. त्यात उजवी नस, डावी नस असं सगळं लिहिलेलं होतं. परत पहिल्यापासून लावायला सांगितलं. परत थिजलं. तिसऱ्यांदा लावलं.

"ही फक्त उजवी आहे," ते म्हणाले. "डावी पुढच्या भागात असणार. तो भाग लिहिलेलाच नाही."

"दुसऱ्या ड्राइव्हवर बघू?" मित्राने विचारलं.

"नाही. लिहिलेलं असतं तर ह्याने वाचलं असतं. ते नाहीच आहे त्याच्यात." आणि माझ्याकडे बघून, एखाद्या गिऱ्हाईकाला सांगावं तसं शांतपणे म्हणाले, "फोन कर तिला. ॲडमिट होतो म्हणावं."

मित्राने जे निघालं होतं ते पेनड्राइव्हवर घालून दिलं. खाली सोडायला आला, तो रिक्षा हलेपर्यंत उभा होता.

ठाण्याला टेस्ट नीट झाली. मी बाहेर बसले होते. हे बाहेर आले तेव्हा मला बघून म्हणाले, "टेबल कोरडं होतं." डॉक्टरांनी फिल्म बघितली, आम्हालाही त्यांच्या पडद्यावर दाखवली. डावी बाजू उजवीपेक्षा वाईट होती. ऑपरेशन लगेचच करायचं ठरलं. पण ह्यांना साखरेचा त्रास जुना. अँजिओग्राफीत जो रंग सोडतात त्याने किडनीवर ताण आला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आकडा वाढलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, असं ऑपरेशनला घेतलं तर किडनी बंद पडायची भीती आहे, आकडा खाली येऊ दे. काही दिवस वॉर्डात ठेवलं. आकडा उतरायला लागला तसं हे घरी जायचा हट्ट धरून बसले. शेवटी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जिना चढायचा नाही, जड उचलायचं नाही म्हणून बजावलं आणि सोमवारी परत भरती व्हायला सांगून सोडलं.

त्या शनिवारी सकाळी मी कणीक मळत होते. हे खिडकीपाशी बसून कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळत होते. तो कधीचा सैल होता. मी म्हटलं, "राहू द्या, नंतर करा." ते म्हणाले, "झालंच." मग स्क्रूड्रायव्हर पडल्याचा आवाज आला. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातून नेहमीच पडायचा, म्हणून मी लगेच वळले नाही. वळले तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते आणि डोळे उघडे होते.

शेजाऱ्यांनी उचललं. डोंबिवलीच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत रिक्षात मी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. माझ्या हाताची कणीक त्यांच्या केसांना लागली. तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन मुलीची वाट बघायची का असं विचारलं, तेव्हाच मला कळलं.

विहारातले लोक आले, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. दिव्याचा मित्र सगळे दिवस येऊन बसत होता. माणसं पांगल्यावर मुलगी ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेली, मला घेऊन. तिला एकच विचारायचं होतं. "पहिल्याच दिवशी सीडी चालली असती तर पप्पा वाचले असते का?"

डॉक्टरांनी टेबलावरचा पेन उचलला, परत ठेवला. "खरं सांगू? मला माहीत नाही. ऑपरेशन लवकर झालं असतं. ऑपरेशनमध्येही काही होऊ शकलं असतं. डावी बाजू फार खराब होती." मग म्हणाले, "मी त्यांना घरी सोडायला नको होतं, असंही मला वाटतं."

मुलगी रडली. मला रडू आलं नाही. मला त्या कल्याणच्या टेक्निशियनचा चेहरा आठवत होता. खूप लोक परत आले, असं किती सहज म्हणाला होता तो. ते खूप लोक कोण होते, त्यांचं पुढे काय झालं, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं आणि आता विचारून कुणाला काय सांगणार होते.

पेनड्राइव्हमधली ती फिल्म मुलीने मोबाइलमध्ये घेऊन ठेवली आहे. जगाच्या लग्नाच्या सीड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाचं आमच्याकडे दुसरं हलतं चित्र नाही. आमच्या लग्नात व्हिडिओ नव्हताच, आणि पुढे कुणी कॅमेरा काढला की हे तारा सांभाळायला मागे जायचे. मी तिला म्हटलं, पुसून टाक ते, कशाला बघतेस. ती म्हणाली, "मम्मी, त्यात चालू आहे ना ते." मी परत तो विषय काढला नाही. आतल्या खोलीतले प्लेअर मित्राने टेम्पो आणून नेले. खोली मोकळी झाली. तिथे काय ठेवायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मध्यंतरी आमच्या शेजारच्या वहिनींच्या मिस्टरांची अँजिओग्राफी झाली. कल्याणलाच, पण दुसऱ्या हॉस्पिटलात. वहिनी एकट्याच होत्या म्हणून मी सोबत गेले. निघताना काउंटरवरच्या मुलीने पाकिटात सीडी दिली. वहिनी पर्समध्ये टाकायला लागल्या, तर मी त्यांचा हात धरला.

"इथे लावून दाखवा," मी त्या मुलीला म्हटलं.

"मॅडम, चालू आहे ती. आम्ही रोज देतो."

"दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून दाखवा. ज्याच्यावर लिहिली त्याच्यावर नको."

मागे लाइन होती. कुणीतरी म्हणालं, काय चाललंय. वहिनी माझा पदर ओढत होत्या, "अहो चला ना, कशाला घाबरवताय." मी हलले नाही. माझा आवाज चढला असावा, कारण वॉचमन आला. शेवटी त्या मुलीने रागारागाने सीडी घेतली, शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये घातली आणि पडदा आमच्याकडे वळवला.

सीडी लगेच चालली. करड्या पडद्यावर बरगड्या आल्या, तार आली, काळा रंग पसरला. सगळं होतं. उजवी, डावी, सगळं.

"बघितलंत?" ती मुलगी म्हणाली.

वहिनी पुढे वाकून बघत होत्या. मी पाठ फिरवली आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. बरं वाटायला हवं होतं. अंगाची नुसती लाही होत होती. वहिनी मागून आल्या, शेजारी बसल्या, त्यांनी पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली. मी प्यायले आणि मग आम्ही रिक्षा शोधायला उठलो.